नांगर, शेतकरी आणि लक्ष्मणराव

नवी वस्तू घडविणाऱ्या माणसाची खरी परीक्षा कारखान्यात होत नाही. ती बाजारात होते. महिनोनमहिने खपून, पदरचा पैसा ओतून त्याने एखादे यंत्र वा अवजार उभे केलेले असते. त्याच्या प्रत्येक खिळ्याशी त्याचे नाते जडलेले असते. असे ते अवजार घेऊन तो पहिल्या गिऱ्हाइकापुढे उभा राहतो आणि ते गिऱ्हाईक दोन मिनिटांत त्याची दहा वैगुण्ये काढून दाखविते. अशा वेळी बहुतेक कल्पक माणसांची गत दोहोंपैकी एक होते. कोणी रुसून बसतो. आपल्या लोकांना नव्याची कदर नाही, समाज अडाणी आहे, अशी समजूत करून घेऊन पुढची सारी वर्षे तो तीच कैफियत सांगत फिरतो. कोणी उलट टोकाला जातो. जो येईल त्याच्या सांगण्याप्रमाणे वस्तू बदलीत राहतो आणि अखेरीस ती वस्तू कोणाच्याच कामाची उरत नाही. टीका ऐकावी कशी, तिच्यातले घ्यावे काय आणि सोडावे काय, याचे शिक्षण तंत्रशाळांतून मिळत नाही. ते मिळवायचे तर ज्यांनी ही परीक्षा दिली त्यांच्या चरित्रांकडे वळावे लागते. महाराष्ट्रात असे चरित्र शोधू जाता पहिले नाव आठवते ते लक्ष्मणराव किर्लोस्करांचे.

हा विषय वेंगुर्ल्यासारख्या गावी विशेष अगत्याचा आहे. काजू आणि आंबा यांवर ज्या तालुक्याचा संसार चालतो, तेथे नव्या यंत्राची, नव्या कलमाची आणि नव्या प्रक्रियेची गरज नित्य भासते. काजूचेच पाहा. बीच्या टरफलात असलेले तेल कातडी जाळते, हे काजू सोलणाऱ्या प्रत्येक बाईला तिच्या बोटांनी शिकविलेले असते. तेव्हा बी फोडण्याचे यंत्र कोणी केले तर त्याचे स्वागतच व्हावयास हवे. परंतु त्या यंत्राने गर फुटू लागला तर कारखानदार ते यंत्र कोपऱ्यात सारतो. अख्ख्या गराचा भाव वेगळा आणि तुकड्याचा वेगळा, हे गणित त्याला पाठ असते. यंत्र करणारा म्हणतो की हा मनुष्य जुन्याला चिकटून राहिला आहे; कारखानदार म्हणतो की या मुलाला धंदा कळत नाही. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात आणि त्या प्रामाणिकपणात एक चांगले यंत्र फुकट जाते. हा तंटा नवा नाही. लोखंडी नांगराच्या बाबतीत तो बेळगावात सव्वाशे वर्षांपूर्वी घडून गेला आहे.

वेंगुर्ले आणि बेळगाव यांचा संबंध जुन्या पिढीला सांगावयास नको. सतराव्या शतकात डचांनी वखार घातलेले हे बंदर पुढे बेळगावकडच्या मुलखाचा समुद्राकडचा दरवाजा बनले. घाटावरचा कापूस आंबोलीच्या बाजूने गाड्यांतून उतरून वेंगुर्ल्यास येई आणि मुंबईचा माल त्याच वाटेने वर चढे. १८८८ साली मुरगाव बंदराकडे रेल्वे सुरू झाली आणि वेंगुर्ल्याचा हा व्यापार हळूहळू ओसरला. योगायोग असा की किर्लोस्कर उद्योग आपली सुरुवात मोजतो तीही १८८८ पासूनच. ज्या काळात बेळगाव मुलखाचे बाजार बदलत होते, जुन्या वाटा ओस पडून नव्या उघडत होत्या, त्याच काळात त्याच गावात सायकलींच्या एका लहानशा दुकानातून एक नवा उद्योग डोके वर काढीत होता.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या अभ्यासात मुलाचे मन रमेना; त्याचा ओढा चित्रांकडे आणि यंत्रांकडे. १८८५ साली वडील बंधू रामूअण्णा यांच्या आधाराने तो मुंबईस जाऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. आपण चित्रकार व्हावे ही त्याची हौस होती. पुढे असे ध्यानात आले की त्याच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट उमगत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाच्या कानी याहून कठोर निवाडा पडणे कठीण. त्या निवाड्याशी भांडता आले असते, किंवा कलाच सोडून गावी परतता आले असते. लक्ष्मणरावांनी दोन्ही केले नाही. रंग गेले तरी रेषा हाती उरली होती. त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास धरला आणि त्यात इतके प्रावीण्य मिळविले की व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना अध्यापनाची नोकरी मिळाली. तेथील कर्मशाळेत त्यांना यंत्रांचा सहवास लाभला आणि आयुष्याची दिशा ठरली.

या पहिल्याच प्रसंगात पुढील सर्व चरित्राची किल्ली आहे. आपल्या कामातील उणे कोणी दाखविले तर ते खरे आहे की नाही एवढेच पाहावे. ते दाखविणाऱ्याच्या हेतूची वा आपल्या मानापमानाची चिकित्सा करीत बसू नये. उणे खरे असेल तर ज्या भागास त्याचा स्पर्श होतो तेवढा भाग सोडावा आणि उरलेले बळ दुसरीकडे लावावे. हे वाचावयास सोपे आहे. विशीच्या आत ज्याची आवडती विद्या हातची जाते त्याला ते किती सोपे असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

परंतु याच तरुणाच्या वाट्याला पुढे दुसऱ्या जातीचा नकारही आला. संस्थेतील वरची जागा रिकामी झाली तेव्हा लायकी असूनही ती त्यांना मिळाली नाही; ती दुसऱ्याला देण्यात आली. परक्या राज्यात हिंदी माणसाच्या बढतीला जी अदृश्य मर्यादा असे तिचा हा प्रसाद होता. येथे लक्ष्मणरावांची प्रतिक्रिया निराळी झाली. रंगांबाबतचा निवाडा त्यांनी मान्य केला होता; हा त्यांनी मान्य केला नाही. नोकरी सोडून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत, ते बेळगावास निघून आले. कामातील दोष दाखविणारी टीका आणि माणसालाच नाकारणारा पूर्वग्रह या दोन गोष्टी एकच नव्हेत, ही जाण त्यांच्या ठायी होती. पहिलीपासून शिकावयाचे असते, दुसरीपासून वाट काढावयाची असते. अनेक गुणी माणसे या दोहोंची गल्लत करतात. पूर्वग्रहाने दुखावलेला माणूस पुढे प्रत्येक तक्रारीत पूर्वग्रहच पाहू लागतो आणि मग खऱ्या तक्रारीलाही त्याचे कान बंद होतात. लक्ष्मणरावांनी मुंबईत सोसलेला अन्याय बेळगावच्या शेतकऱ्यांवर उगविला नाही.

बेळगावात रामूअण्णांसह चालविलेले सायकलीचे दुकान हीच त्यांची व्यापाराची शाळा ठरली. आजही त्या शहरात किर्लोस्कर रोड हे नाव त्या दिवसांची आठवण जागी ठेवून आहे. सायकल ही त्या काळी नवलाची वस्तू होती. विकत घेणाऱ्यास ती चालविता येत नसे, म्हणून दुकानदारालाच ती चालवावयास शिकवावी लागे. विकणारा शिकवू लागला की त्याला आपोआप कळू लागते की माणूस कोठे बिचकतो, कोठे पडतो आणि पडल्यावर दोष कोणाला देतो. गिऱ्हाईक पडले म्हणून सायकल वाईट ठरत नाही हे खरे. पण ते पुनःपुन्हा त्याच जागी पडत असेल तर शिकविण्यात वा वस्तूत काही चुकते आहे, हेही तितकेच खरे. दुकानाच्या जोडीला त्यांनी कडबा तोडण्याचे यंत्र तयार करून पाहिले आणि त्यानंतर हात घातला तो लोखंडी नांगराला. हे साल होते १९०३.

दख्खनच्या काळ्या जमिनीत लाकडी नांगराची मर्यादा उघड होती. तो जमीन ओरखडतो, पण माती उलटवीत नाही. हरळी आणि कुंद्यासारख्या खोल मुळ्यांच्या तणांपुढे त्याचे बळ तोकडे पडे. जोडीला जोडी लावून बैल जुंपावे लागत. लोखंडी नांगराचे वाकडे पाते तासातील माती कापून पालथी घालते. तणाच्या मुळ्या उन्हात पडून वाळतात आणि खालची माती वर येते. असे नांगर विलायतेहून येत, पण ते महाग असत. लक्ष्मणरावांनी तसा नांगर येथे, येथल्या कारागिरांच्या हातून घडवावयाचे ठरविले. नांगराचा शोध त्यांनी लावला नाही, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण परदेशी वस्तू येथल्या मातीला, बैलाला आणि शेतकऱ्याच्या ऐपतीला जुळवून आणणे हेही संशोधनाचेच काम आहे, आणि ते प्रयोगशाळेतल्या संशोधनाहून सोपे मुळीच नाही. प्रयोगशाळेत निसर्ग उत्तर देतो. येथे निसर्ग आणि शेतकरी असे दोघे उत्तर देतात.

शेतकऱ्याने दिलेले पहिले उत्तर होते नकार. लोखंड जमिनीत खुपसले तर जमीन विषारी होईल आणि पीक बुडेल, अशी समजूत लोकांत होती. नांगर तयार होऊन पडले, पण त्यांना हात लावावयास कोणी धजेना. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे किर्लोस्करांच्या चरित्रात नोंदलेले आहे. दोन वर्षे हा शब्द उच्चारावयास हलका वाटतो. ज्याचे भांडवल लोखंडात अडकलेले आहे, ज्याला रोज कारागिरांची मजुरी चुकवावयाची आहे, त्याला ती दोन वर्षे किती लांब वाटली असतील! शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होण्यास याहून सोयीची वेळ दुसरी नसती. आणि आजही आपण ही कथा सांगताना नेमके तेच करतो. शेतकऱ्याच्या अंधश्रद्धेला हसतो आणि लक्ष्मणरावांच्या चिकाटीचा गौरव करून विषय संपवितो. त्यामुळे कथेतील अर्धा अर्थ हरवतो.

तो अर्थ शोधण्यासाठी थोडे सातासमुद्रांपलीकडे पाहिले पाहिजे. १७९७ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथील चार्ल्स न्यूबोल्ड याने ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले. तेथील शेतकऱ्यांनीही तो नाकारला, आणि नाकारण्याचे कारण जवळजवळ शब्दशः तेच होते: लोखंडाने जमीन विषारी होईल आणि तण माजेल. बेळगावच्या शेतकऱ्याने न्यू जर्सीच्या शेतकऱ्याचे नावही ऐकलेले नव्हते. शंभर वर्षांचे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर असता दोन ठिकाणची माणसे एकच भीती बोलून दाखवितात, तेव्हा तिला केवळ हिंदी अंधश्रद्धा म्हणून चालत नाही. तिच्या मुळाशी शेतकऱ्याची एक समान स्थिती असली पाहिजे.

ती स्थिती अशी. नांगर करणाऱ्याचा नांगर फसला तर त्याचा एक नांगर जातो. शेतकऱ्याचा प्रयोग फसला तर त्याचे वर्ष जाते, आणि वर्षाबरोबर कधी कधी सावकाराकडे गहाण टाकलेली जमीनही जाते. ज्याचा तोटा इतका मोठा, तो नव्या वस्तूवर आधी अविश्वासच दाखविणार. शिवाय न्यूबोल्डचा नांगर एकसंध ओतलेला होता. त्याचा कोठलाही भाग मोडला की सबंध नांगर निकामी. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बलुत्यात दुरुस्त करी, फाळ बोथटला तर गावचा लोहार तो शेवटून देई. ओतीव लोखंडापुढे दोघांचेही हात टेकलेले. शेतकरी हे सारे तपशीलवार मांडून सांगत नाही. तो एवढेच म्हणतो की लोखंडाने जमीन नासते. गिऱ्हाइकाची तक्रार पुष्कळदा अशीच असते. तिचे शब्द चुकीचे असतात, पण दुखणे खरे असते. शब्द खोडून काढण्यात जो विजय मानतो त्याच्या हाती काहीच लागत नाही; जो दुखण्यापर्यंत पोहोचतो त्याला पुढची वाट सापडते.

अमेरिकेत ती वाट जेथ्रो वुड याला सापडली. १८१९ साली पेटंट घेतलेल्या त्याच्या नांगराचे भाग सुटे होते. झिजलेला वा मोडलेला भाग काढून नवा बसविता येई. विषाची भीती वादविवादाने हटली नाही. शेजाऱ्याच्या शेतात लोखंड चालले, पीक नासले नाही आणि मोडलेला भाग बदलूनही मिळाला, तेव्हा ती आपोआप विरून गेली. न्यूबोल्ड मात्र तोवर कंटाळून या खटाटोपातून बाहेर पडला होता. त्याचा नांगर वाईट होता असे नव्हे; तो तक्रारीच्या आत शिरला नाही, एवढेच. पुढे १८३७ साली इलिनॉय प्रांतात जॉन डीअर या लोहाराने पोलादी नांगर केला, तोही तेथील शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यातूनच. तेथली चिकट माती ओतीव लोखंडाला लगडून बसे आणि शेतकऱ्याला पावलापावलावर थांबून ती खरवडावी लागे. गुळगुळीत पोलादावरून ती घसरून पडू लागली. डीअर सतत नांगरात फेरफार करतो म्हणून त्याचा भागीदार वैतागला होता. आपण करू ते लोकांनी घ्यावे असे त्या भागीदाराचे मत, तर लोकांना तसे बंधन नाही आणि आपण सुधारणा केली नाही तर दुसरा कोणी करील असे डीअरचे, अशी हकीकत सांगितली जाते.

लक्ष्मणरावांच्या ठायी न्यूबोल्डची कल्पकता होती, पण त्याचा कंटाळा नव्हता. नांगर पडून राहिले तरी त्यांनी नांगराचा नाद सोडला नाही. मागणी नव्हती त्या काळातही काम चालू ठेवावयाचे तर भीती आणि दोष यांना निरनिराळी उत्तरे द्यावी लागतात. भीतीला उत्तर प्रत्यक्ष शेतात, नांगरलेल्या तासाने द्यावयाचे असते. तेथे घाई उपयोगी नाही, एका हंगामानंतर दुसरा हंगाम यावा लागतो. दोषाला उत्तर भट्टीपाशी द्यावयाचे असते, आणि तेथे विलंब उपयोगी नाही. भीतीपुढे भट्टी बदलून चालत नाही आणि दोषापुढे व्याख्यान देऊन भागत नाही. ही उत्तरे ज्याला योग्य जागी देता येतात त्याचा माल हळूहळू का होईना, उभा राहतो. पहिल्या नांगरानंतर दुसरा गेला, मग मागणी वाढू लागली. १९०५ नंतर स्वदेशीची लाट आली, तिने देशी मालाला अनुकूल वारे दिले हे खरे; तथापि देशाभिमानाने माणूस एकदा नांगर विकत घेईल, दुसऱ्यांदा तो घेतो तो नांगर चांगला चालला म्हणूनच. जमीन देशाभिमानाने उलटत नाही.

यानंतर आणखी एक नकार वाट पाहत होता. बेळगाव नगरपालिकेस नव्या वस्तीसाठी जागा हवी झाली आणि लक्ष्मणरावांना कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम झाला. जमू लागलेला धंदा मुळासकट उपटला जाण्याची ती वेळ. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर माळरानाची जमीन आणि बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि नांगर हा त्या वाडीचा आधारस्तंभ झाला. ज्या वस्तूला दोन वर्षे कोणी हात लावला नव्हता तिच्या जोरावर एक गाव उभे राहिले.

पहिल्या महायुद्धाने निराळीच कसोटी आणली. परदेशी मालाची आवक आटली आणि येथल्या नांगराला मागणी वाढली. पण लोखंड मिळेना. लक्ष्मणरावांनी कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळविल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले. तोफांचे नांगर झाले म्हणून या प्रसंगाचे काव्य सांगितले जाते. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील दुसरीच गोष्ट मोलाची आहे. ज्या काळात गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाण्याची सोय नसते त्या काळात कारखानदाराचे कान सर्वांत लवकर बंद होतात. घेईल त्याने घ्यावे, नसेल घ्यावयाचे त्याने जावे, ही भाषा टंचाईतच जन्मते. पुढे टंचाई संपते, पण ती भाषा जात नाही, आणि मग गिऱ्हाईक जाते. स्वातंत्र्यानंतर परवाने आणि परमिटे यांच्या आडोशाला वाढलेल्या कित्येक उद्योगांनी हा धडा १९९१ नंतर फार महाग किंमत देऊन घेतला. किर्लोस्करवाडीने टंचाईचे ते दिवस माल पुरविण्यासाठी धडपडण्यात घालविले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली किर्लोस्कर खबर हे नियतकालिक निघाले. कारखाना आणि त्याचा माल यांची माहिती लोकांपर्यंत नेणारे हे पत्र पुढे किर्लोस्कर या नावाने मराठी घराघरांत पोहोचले. हातपंप, चरक, तेलाची इंजिने असा उद्योगाचा विस्तार पुढे होत गेला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले.

आता पुन्हा वेंगुर्ल्याकडे वळू. लक्ष्मणरावांच्या निधनानंतर वर्षभराने, १९५७ साली, वेंगुर्ल्यास फळसंशोधन केंद्र सुरू झाले. पुढे ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आले. या केंद्राने कोकणच्या बागायतदाराच्या दोन जुन्या तक्रारी कानी घेतल्या. हापूस एक वर्ष धरतो आणि एक वर्ष रुसतो, ही पहिली. वरून सोन्यासारखे दिसणारे फळ कापले की आत साका निघतो, ही दुसरी. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून केंद्राने रत्ना ही जात काढली आणि १९८१ साली ती प्रसारित झाली. ती दरवर्षी फळते आणि तिच्यात साका होत नाही. बागायतदाराच्या दोन्ही तक्रारींना इतके नेमके उत्तर क्वचितच मिळाले असेल. तरीही बाजारात हापूसचे सिंहासन हलले नाही. कारण आंबा पिकविणारा आणि आंबा खाणारा ही दोन निरनिराळी गिऱ्हाइके आहेत. पहिल्याची तक्रार झाडाविषयी, दुसऱ्याची आवड स्वादाविषयी. आणि हापूसच्या स्वादाविषयी मुंबईच्या गिऱ्हाइकाने कधी तक्रारच केलेली नव्हती.

काजूत मात्र निराळे घडले. याच केंद्राने वेंगुर्ला या नावाने क्रमाक्रमाने काढलेल्या जातींत बीचा आकार वाढत गेला. वेंगुर्ला एक या जातीच्या बीचे वजन सुमारे सहा ग्रॅम, तर १९९७ सालच्या वेंगुर्ला सात या जातीच्या बीचे सुमारे दहा ग्रॅम. मोठी बी बागायतदाराला हवी होती आणि मोठा गर व्यापाऱ्यालाही हवा होता. दोन्ही गिऱ्हाइकांचे हित एका दिशेने होते, म्हणून या जातींची कलमे कोकणात मोठ्या प्रमाणावर लागली. रत्ना आणि वेंगुर्ला सात या दोहोंतील फरक संशोधकांच्या कर्तबगारीतला नाही. तक्रार कोणाची आणि पैसा कोणाचा, हे दोन प्रश्न एकाच माणसापाशी येऊन मिळतात की नाही, एवढाच तो फरक आहे. नवी वस्तू काढणाऱ्याने हे प्रश्न आरंभीच विचारून घेतले पाहिजेत.

म्हणून गिऱ्हाइकाचे सर्व म्हणणे शिरसावंद्य मानावे, असा या चरित्राचा अर्थ कोणी काढू नये. लोखंडाने जमीन नासते हे ऐकून लक्ष्मणराव लाकडाकडे वळले असते तर आज त्यांचे नाव कोणी घेतले नसते. तसेच प्रत्येक तक्रार प्रत्येक जागी खरी नसते. देशावरच्या काळ्या, सपाट रानात जो जड नांगर सुखाने चालतो तो कोकणातल्या कातळाशेजारच्या, बांधाबांधाच्या चिमुकल्या भातखाचरात वळविता येत नाही. एखाद्या वेंगुर्लेकराने त्याविषयी तक्रार केली तर ती त्याच्यापुरती सोळा आणे खरी असेल, पण तेवढ्याने देशावरचा नांगर वाईट ठरत नाही. कारागिराने अशा वेळी ही वस्तू तुमच्यासाठी नाही असे स्वच्छ सांगावे, किंवा खाचरासाठी दुसरा, हलका नांगर करावा. एकाच नांगराने दोन्ही जमिनींचे समाधान करू पाहणारा दोन्हीकडची गिऱ्हाइके गमावून बसतो.

वेंगुर्ल्याच्या ज्या तरुणाने काजू फोडण्याचे यंत्र केले त्याच्यापुढे, तेव्हा, करण्याजोग्या गोष्टी मोजक्याच आहेत. यंत्र घेऊन त्याने कारखान्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसावे. किती बिया फुटल्या याची मोजणी मालकाने नव्हे, त्याने स्वतः करावी. ज्या बाईचा हात यंत्रावर चालतो तिला आधी विचारावे आणि मालकाला मागून. कारण दुखणे तिला आधी कळते. ऐकलेली तक्रार त्याच दिवशी लिहून ठेवावी आणि निदान एक रात्र तिच्यावर उत्तर देऊ नये. एका माणसाने केलेली तक्रार लक्षात ठेवावी, तीच पाच जणांनी केली तर यंत्र खोलावे. दुरुस्ती झाल्यावर ज्याने तक्रार केली होती त्याच्याच दारी ते यंत्र प्रथम न्यावे. आणि हे सारे करीत असता घरातला दिवा जळत राहील इतकी दुसरी मिळकत हाती ठेवावी. नवी वस्तू रुजेपर्यंत लागणारा वेळ कोणालाच चुकविता येत नाही, आणि उपाशी माणसाला टीका शांतपणे ऐकता येत नाही. बेळगावात नव्या धंद्याचा आरंभ सायकलीच्या दुकानातून झाला, त्यातला हाही एक धडा आहे.

आपल्या शिक्षकांनी, कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी हे चरित्र केवळ कारखानदारांसाठी आहे असे मानू नये. वर्गात नवी पद्धत आणणारा शिक्षक, कचेरीत नवा अर्जनमुना काढणारा कारकून, यांनाही एके दिवशी त्याच शेतकऱ्यासमोर उभे राहावे लागते. अर्ज भरणारा माणूस वैतागून हे सारे फाडून टाका म्हणतो, तेव्हा तिसऱ्या रकान्यातील प्रश्न त्याला समजलेला नसतो, एवढाच पुष्कळदा त्याचा अर्थ असतो. तो रकाना शोधण्याचे कष्ट घेणारा माणूस आपल्याकडे अजून दुर्मिळ आहे. आता बहुतेक रानांत ट्रॅक्टर फिरतो आणि लोखंडी नांगर अनेक घरांच्या पडवीत गंजत पडला आहे. त्याच्या जागी आलेल्या यंत्राविषयीही शेतकरी तक्रारी करतोच आहे, आणि त्या कोणीतरी उन्हात उभे राहून ऐकावयास हव्या आहेत.